धुऱ्याकडील पांच ओळी

आमच्या गांवच्या घरीं, माजघरांतल्या फडताळांत, बियाण्याची एक लहानशी पुडी पुष्कळ वर्षें पडून होती. पुडी १२० ग्रॅमची. तिच्यांत सरकी, म्हणजे कपाशीचें बीं. तिच्याकडे घरांतील कोणाचें लक्ष नव्हतें, आणि आमचेंही गेलें नसतें. परंतु यवतमाळ जिल्ह्यांत सन २०१७ सालीं जें घडलें, त्यानंतर ती पुडी आमच्या डोळ्यांपुढून हालेनाशी झाली. तिची हकीकत लिहावी असें अनेकदां मनांत आलें आणि प्रत्येक वेळीं आम्हीं लेखणी खालीं ठेविली. कारण उघड आहे. त्या हकीकतींत दोष द्यावयाचा तो प्रथम आपला आपल्यालाच द्यावा लागतो. आणि मनुष्य, विशेषतः दुसऱ्यास शिकविण्याचा धंदा करणारा मनुष्य, त्या कामीं फार चेंगट असतो.

पुडीची गोष्ट सांगावयाची तर आधीं एका जंतूची गोष्ट सांगितली पाहिजे. त्याचें शास्त्रीय नांव बॅसिलस थुरिंजिएन्सिस. एवढें लांबलचक नांव शेतकऱ्याच्या जिभेवर टिकावें कसें? त्यानें त्याचीं दोन आद्याक्षरें घेतलीं आणि 'बीटी' म्हणून त्यास घरचा करून टाकिलें. आज वऱ्हाडांत बीटी हा शब्द ठाऊक नाहीं असा मनुष्य सांपडावयाचा नाहीं. परंतु बीटी हा मातींत राहणारा एक जीव आहे हें ठाऊक असलेला मनुष्यही सहसा सांपडत नाहीं. बहुतेकांच्या समजुतीनें तें कोणत्या तरी कंपनीचें नांव असावें. आमची समजूतही कित्येक वर्षें याहून फारशी निराळी नव्हती. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकविणारे. जंतूंशीं आमचा संबंध यावयाचा तो दवाखान्यापुरता.

त्या जीवाची भेट घडली ती सन २०१८ च्या आश्विनांत. आमच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणाऱ्या एक सहकारी बाई आहेत. त्यांस आम्हीं एके दिवशीं विचारलें, "बाई, हें बीटी मूळचें असतें तरी कोठें?" त्या हंसून म्हणाल्या, "सर, तुम्ही उभे आहांत त्या जमिनींतही असेल. पण चांगलें पाहावयाचें तर रानांतली माती आणूं या." पुढच्या रविवारीं आम्ही दोघें व त्यांचे दोन विद्यार्थी घाटंजीच्या वाटेवर, सरकारी जंगलास लागून असलेल्या एका स्नेह्यांच्या मालकीच्या सागवानांत गेलों.

आमचा जिल्हा एका अंगानें कापसाचा आणि दुसऱ्या अंगानें सागाचा. खोलगट भागांत काळी जमीन व तींत कपाशी. आणि जेथें मुरूम व दगड वर येतो तेथें साग, ऐन, धावडा, मोह यांचें रान. दोहोंच्या मध्यें बहुधा एखादा नाला असतो, नाहीं तर धुरा. याहून मोठी सीमा नाहीं. पावसाळ्याच्या अखेरीस सागाची दशा पाहण्यासारखी असते. त्याच्या पानांवर एक बारीक अळी पडते. ती शिरा तेवढ्या ठेवून मधला सारा गर खाऊन टाकते, आणि सुपासारखीं तीं मोठालीं पानें उन्हासमोर धरलीं म्हणजे जुन्या वाड्याच्या जाळीदार खिडकीसारखीं दिसतात. झाडें कीं झाडें अशीं जाळी होऊन उभीं होतीं. आम्ही हळहळलों. बाई म्हणाल्या, "इतकी अळी पडूनही साग दर वर्षीं उभाच आहे, हें पाहा. रानांत अळीला खाणारे पुष्कळ आहेत. पक्षी आहेत, गांधीलमाश्या आहेत, कोळी आहेत, आणि कांहीं डोळ्यांना न दिसणारे आहेत." असें म्हणून त्यांनीं कुजलेल्या पानांचा थर बाजूस सारला आणि खालची दमट माती चमच्यानें एका स्वच्छ पिशवींत भरली.

प्रयोगशाळेंत त्या मातीचें पुढें जें झालें तें आमच्यासारख्या अनभिज्ञास एखाद्या अग्निदिव्यासारखें वाटलें. चिमूटभर माती त्यांनीं निर्जंतुक पाण्यांत ढवळली आणि तें पाणी ८० अंश उष्णतेंत दहा मिनिटें ठेविलें. चिमूटभर मातींत जंतूंची वस्ती कोट्यवधींची. त्यांतील बहुतेक या आंचेंत मेले. उरले ते ज्यांनीं आधींच आपल्याभोंवतीं कठीण कवच करून घेतलें होतें तेच. अशा कवचबंद अवस्थेस बीजाणु म्हणतात. अन्न संपलें, कीं कांहीं जंतु आपला जीव अशा बीजाणूंत कोंडून घेतात आणि अनुकूल काळ येईपर्यंत, प्रसंगीं वर्षानुवर्षें, मातींत निजून राहतात. वांचलेल्या थेंबास पोषक थरावर पसरून ठेविलें. दोन-तीन दिवसांत तेथें दूध सांडून वाळावें तसे मळकट पांढरे ठिपके उठले. त्यांतील एक ठिपका सुईच्या टोंकानें उचलून, कांचेवर रंगवून, बाईंनीं सूक्ष्मदर्शकाखालीं धरला आणि आम्हांस पाहावयास बोलाविलें.

आंत काड्यांसारखे जीव होते. त्यांची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागानें मोजावयाची. असे तीन ते पांच भाग. कांहींच्या पोटांत लंबवर्तुळाकार, न रंगलेला बीजाणु चमकत होता, आणि त्याच्या शेजारीं गडद निळा रंग घेतलेला एक कोनदार तुकडा होता. "तो स्फटिक," बाई म्हणाल्या. "प्रथिनाचा स्फटिक. हाच तुमचा बीटी. आतां नेमकें नांव द्यावयाचें तर आणखी परीक्षा कराव्या लागतील. पण असा स्फटिक करणारा जंतु बहुधा त्याच कुळांतला."

त्या कुळाची कथाही चमत्कारिक आहे. दूषित भातानें उलट्या व्हावयास लावणारा बॅसिलस सीरियस आणि गुराढोरांस व माणसांस काळपुळीनें मारणारा बॅसिलस अँथ्रॅसिस हे याचे इतके जवळचे आप्त आहेत, कीं तिघे मिळून एकच जाति धरावी असें म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत. एका घरांत तीन भाऊ असावे, एकानें भानामतीसारखा उपद्रव करावा, दुसऱ्यानें दरोडे घालावे आणि तिसऱ्यानें शेताची राखण करावी, त्यांतलाच हा प्रकार. राखणदार भावाची विद्या मुख्यत्वें त्याच्या पेशींत निराळ्या कड्यांच्या रूपानें असलेल्या कांहीं जनुकांत असते. तीं कडीं गळून पडलीं, तर तो त्या पहिल्या भावापासून ओळखूंही येत नाहीं.

या स्फटिकाची करणी समजावयास जगास अर्धें शतक लागलें. सन १९०१ सालीं जपानांत शिगेताने इशिवाता यांस रेशमाच्या किड्यांत अकस्मात मरी आणणारा एक जंतु आढळला. पुढें १९११ सालीं जर्मनींत एर्न्स्ट बर्लिनर यांस थुरिंगिया प्रांतांतील पिठाच्या पतंगाच्या मेलेल्या अळ्यांत तोच सांपडला, आणि त्या प्रांतावरून त्यांनीं त्याचें नामकरण केलें. परंतु मारणारी वस्तु बीजाणु नसून शेजारचा स्फटिक आहे हें १९५४ सालीं कॅनडांतील अँगस या शास्त्रज्ञानें दाखविलें. अळीनें पानाबरोबर तो गिळला, कीं तिच्या आंतड्यांतील तीव्र क्षारांत तो विरघळतो. तेथील पाचक रस त्याचा एक भाग कापून मोकळा करतात. तो तुकडा आंतड्याच्या भिंतीवर आपल्या नेमक्या जागीं जाऊन चिकटतो आणि भिंतीस छिद्रें पाडतो. अळी कांहीं तासांत खाणें सोडते व दोन-चार दिवसांत मरते. मग बीजाणु जागे होतात आणि तिच्या देहावर आपली प्रजा वाढवितात. माणसाच्या जठरांत आम्ल असतें आणि त्या तुकड्यास चिकटावयाची जागा आपल्या आंतड्यांत नसते. म्हणून आपल्याला त्याची बाधा होत नाहीं.

सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढल्यावर बाईंनीं जें एक वाक्य सहज उच्चारलें, तें आमच्या मनांत घर करून राहिलें. त्या म्हणाल्या, "हें विष रानांत आहे म्हणून रानांतल्या अळ्या संपल्या नाहींत, आणि अळ्या आहेत म्हणून विषही बोथट झालें नाहीं." त्याचा उलगडा विचारतां त्यांनीं सांगितलें कीं, जंतु हा स्फटिक करतो तो अन्न संपत आल्यावर, कवचांत शिरतांना, रोज उठून नव्हे. तो पडतो कोठें तरी, एखाद्या पानावर, एखाद्या ढेंकळाआड. उघड्यावर राहिला तर उन्हानें थोड्याच दिवसांत त्याची शक्ति जाते. शंभर अळ्यांपैकीं एखादीच्या तोंडीं तो लागतो. बाकीच्यांची त्याच्याशीं ओळखही होत नाहीं. ज्याशीं ओळख नाहीं त्याच्यावर तोड काढण्याचें अळीच्या वंशास कारणच पडत नाहीं. रानाचा हा बेहिशेबी दिसणारा कारभार वस्तुतः किती काटेकोर असतो, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें. आणि त्याच क्षणीं फडताळांतली पुडी आठवली.

आतां पुडीकडे येऊं. मनुष्यानें या जंतूचा उपयोग करावयास सुरवात केली ती फवाऱ्यानें. फ्रान्सांत १९३८ सालींच त्याची भुकटी बाजारांत आली होती. परंतु फवारा उन्हानें निकामी होतो, आणि बोंडाच्या आंत शिरलेल्या अळीपर्यंत तो पोहोंचत नाहीं. म्हणून पुढें शास्त्रज्ञांनीं स्फटिक घडविणारें जनुकच जंतूंतून काढून कपाशींत घातलें; आणि मौज ही, कीं तें आंत नेण्याचें काम त्यांनीं मातींतल्याच दुसऱ्या एका जंतूच्या खांद्यावर टाकिलें. आतां कपाशीचें झाड स्वतःच तें प्रथिन करूं लागलें. पानांत, पातींत, बोंडांत, उगवल्यापासून उपटेपर्यंत, रात्रंदिवस. सन २००२ च्या मार्चांत केंद्र सरकारनें अशा तीन संकरित वाणांस परवानगी दिली. १० वर्षांच्या आंत देशांतील बहुतेक सारी कपाशी बीटीची झाली.

आमची वडिलोपार्जित आठ एकर कोरडवाहू जमीन आहे. ती आम्ही बटईनें देतों. बटईदार आमच्याच वयाचा, लहानपणीं आमच्याबरोबर नाल्यांत पोहलेला. चौथीनंतर तो वखरामागें गेला आणि आम्ही शहरांत. सन २००५ च्या जून महिन्यांत बियाणें घ्यावयास आम्ही दोघे मिळून तालुक्याच्या बाजारांत गेलों. एकरीं एक पाकीट. किंमत सोळाशें रुपयांच्या घरांत. घरीं येऊन पाकीट फोडलें तों आंत दोन पिशव्या निघाल्या. एक ४५० ग्रॅमची बीटीची, दुसरी १२० ग्रॅमची. आणि सोबत मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलें, घड्याघड्यांचें एक पत्रक. बटईदार ती धाकटी पुडी हातांत घेऊन म्हणाला, "भाऊ, हे लायनी पुडी कायची व्हय?"

आम्हीं चष्मा लावून पत्रकांतील इंग्रजी मजकूर वाचला. पुडींत साधी, बिनबीटीची कपाशी होती. शेताच्या चारी बाजूंस निदान पांच ओळी, अथवा एकंदर क्षेत्राचा पांचवा हिस्सा, यांतील जें अधिक भरेल तितक्या जागेंत ती पेरावी, असा नियम होता. कारणही दिलें होतें. तें आम्हीं वाचलें आणि आम्हांस तें कळलेंही. मग आम्हीं हिशेब केला. आठ एकरांचा पांचवा हिस्सा म्हणजे दीड एकराहून अधिक जमीन. तेवढी अळीच्या तोंडीं द्यावयाची! दुकानदारानें तर येतांनाच सांगितलें होतें कीं, ती पुडी कोणीच पेरीत नाहीं. बटईदार आमच्या तोंडाकडे पाहत होता. "शिकले-सवरलेले तुमी. तुमी म्हनसान तं पेरतो, नाई तं राहू द्या," तो म्हणाला. आम्ही म्हणालों, "राहूं दे." आठांपैकीं सात पुड्यांचें काय झालें तें आठवत नाहीं, आठवी फडताळांत राहिली.

त्या पुडीचें मर्म काय होतें तें येथें सांगितलें पाहिजे. लाखों अळ्यांत एखादी अशी निपजते कीं जिला जन्मतःच त्या विषाची बाधा होत नाहीं. सर्व शेत बीटीचें असेल तर बाकीच्या मरतात आणि त्या तेवढ्या उरतात. त्यांचे पतंग होतात आणि सोयरीक करावयास त्यांस आपल्यासारखेच भेटतात. मग पोटची प्रजा विषास न जुमानणारी निघते. परंतु धुऱ्याकडे साध्या कपाशीच्या ओळी असतील, तर तेथें साध्या अळ्या सुखानें वाढतात, त्यांचे पतंग थव्यांनीं उडतात, आणि त्या एखाद्या निगरगट्ट पतंगाची सोयरीक बहुधा साध्याशीं जुळते. हा निगरगट्टपणा दोन्ही मातापितरांकडून आला तरच बहुधा पुरता प्रकट होतो. म्हणून त्यांची प्रजा विषानें मरते. तेव्हां त्या पांच ओळी शेताचा तोटा नव्हत्या. विषाची धार राखण्याची ती किंमत होती. रान जें आपोआप करतें, तें शेतांत हिशेबानें करावयाचें, एवढाच त्या पत्रकाचा अर्थ.

पहिलीं वर्षें आम्हीं घेतलेल्या निर्णयाच्या बाजूनेंच साक्ष देत राहिलीं. हिरव्या बोंडअळीचा त्रास एकदम कमी झाला, फवारण्या उतरल्या, घरांत कापसाचे ढीग लागले. पहिल्या दहा-बारा वर्षांत देशांतील कापसाचें उत्पन्न दुपटीहून अधिक झालें. त्यांत बीटीचा वाटा किती आणि खत, पाणी व इतर गोष्टींचा किती, यावर जाणत्यांत वाद आहे, परंतु शेतकऱ्याला दिसलें तें ढिगाचें दर्शन. सन २००६ सालीं दुसरें जनुक घातलेलें वाण आलें. नंतर २०१० सालीं बातमी आली कीं गुजरातेंत गुलाबी बोंडअळीनें पहिल्या जनुकास दाद देणें सोडलें आहे. पुढें पांच वर्षांत दुसऱ्याचीही तीच गत झाली.

ही गुलाबी अळी आपल्या देशाला नवी नाहीं. भडोचच्या कपाशीवरील नमुन्यांवरून साँडर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें १८४३ सालीं तिचें वर्णन लिहून ठेविलें आहे. ती कपाशीवांचून सहसा कशावर जगत नाहीं. त्यामुळें धुऱ्याला तुरीच्या ओळी टाकून आम्ही जें समाधान मानीत होतों, तें हिच्या बाबतींत व्यर्थ होतें. फुलांत शिरली कीं पाकळ्या चिकटून फुलाची डोमकळी होते; बोंडांत शिरली कीं मागचें छिद्र बुजून जातें आणि वरून बोंड धडधाकट दिसतें. आंत सरकी पोखरलेली आणि रुई पिवळी पडलेली, हें वेचणीच्या वेळींच कळावयाचें. आमच्या देशांतील बीटी कपाशी संकरित. तिच्या बोंडांतील सर्व सरकींत तें जनुक उतरत नाहीं, कांहीं दाण्यांत विष असतें व कांहींत नसतें. एकाच बोंडांत अळीस चढत्या मात्रेचे धडे मिळावे अशी ही शाळा. शिवाय हंगाम संपल्यावरही पाण्याच्या सोयीवर फरदड घेण्याची चाल. म्हणजे शाळेस सुटी नाहीं. याउलट मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी हे रस शोषणारे किडे. त्यांस बीटीची बाधा मुळींच होत नाहीं. तेव्हां खालीं ठेवलेले पंप पुन्हां पाठीवर आले.

सन २०१७ च्या पावसाळ्यांत पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली. कोठें रस शोषणारे किडे, कोठें बोंडअळी, आणि बाजारांत दोन-दोन, तीन-तीन औषधें मिसळून मारण्याचा सल्ला. दमट उकाड्यांत, अंगांत एक सदरा आणि तोंडास फार तर एक दुपट्टा, अशा वेषांत माणसें डोक्यावरच्या फांद्यांवर फवारा मारीत चाललीं. तो तुषार त्यांच्याच तोंडावर व उरावर पडत होता. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत आमच्या एका जिल्ह्यांत वीसांच्या आसपास शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें मेले. शेंकडों रुग्णालयांत आले. वर्तमानपत्रें कांहीं आठवडे भरून गेलीं, शासनानें चौकशीचें पथक नेमलें.

पोळा होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. रात्रीं बटईदाराचा फोन आला कीं धाकट्या मुलास रुग्णालयांत आणलें आहे. आम्ही गेलों. बावीस वर्षांचा मुलगा. डोळ्यांस अंधार आलेला, तोंडास फेंस, अंग घामानें निथळत असलेलें. डॉक्टर पुनःपुन्हां एकच विचारीत होते: "कोणतें औषध मारीत होता?" विषाप्रमाणें उतारा निराळा, आणि कांहींस तर नेमका उताराच नाहीं. कोणास सांगतां येईना. शेवटीं थोरला मुलगा मध्यरात्रीं मोटारसायकलीनें गांवीं जाऊन धुऱ्यावर फेकलेल्या दोन बाटल्या शोधून घेऊन आला. बटईदारानें त्या आमच्या हातांत दिल्या, डॉक्टरांच्या नव्हे. बारा वर्षांपूर्वीं पुडी दिली होती तशाच. "भाऊ, वाचा," तो म्हणाला.

आम्हीं वाचल्या. नांवें डॉक्टरांस सांगितलीं. नांवांखालीं तशाच मुंगीएवढ्या अक्षरांत पुढचा मजकूर होता: हातमोजे घालावे, तोंड झांकावें, वाऱ्याच्या विरुद्ध फवारूं नये, अमक्याबरोबर मिसळूं नये. एका बाटलीवर तांबडा आणि दुसरीवर पिवळा त्रिकोण होता; अक्षरशत्रूसही कळावें म्हणून विषाच्या तीव्रतेप्रमाणें तांबडा, पिवळा, निळा, हिरवा अशा रंगांची ही खूण कायद्यानें घातलेली असते. ती खूण त्या घरांत कोणासच ठाऊक नव्हती, कारण कोणीं कधीं सांगितलीच नव्हती. आम्ही वर्षांतून चार वेळां त्या ओट्यावर बसून चहा घेत होतों.

मुलगा वांचला. पंधरा दिवसांनीं घरीं आला. नजर हळूहळू परत आली. शेताचें नांव मात्र तो आतां काढीत नाहीं. वणीकडे कोळशाच्या कामावर गेला. त्या साऱ्या दिवसांत त्याच्या बापानें आम्हांस एक शब्दही लावला नाहीं. त्याला त्या पुडीची आठवण असेल कीं नाहीं, कोण जाणे. आम्हीं ती काढली नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

कोणी म्हणेल, एका प्राध्यापकानें एक पुडी पेरली असती तर काय झालें असतें? हा प्रश्न आम्हींही स्वतःस विचारून पाहिला आहे, आणि त्याचें प्रामाणिक उत्तर, बहुधा कांहींच झालें नसतें, असें आहे. पतंग धुरा ओळखीत नाहींत. शिवारांत सर्वत्र एकच कपाशी असतां एकाच्या पांच ओळींनीं शिवाराची सोयरीक बदलत नाहीं. परंतु सर्वांनीं पेरल्या असत्या तर काय झालें असतें, याचें उत्तर अमेरिकेंत मिळतें. ॲरिझोनांत हीच गुलाबी अळी, हेंच जंतूचें जनुक. तेथील शेतकऱ्यांनीं साध्या कपाशीच्या राखीव पट्ट्यांचा नियम वर्षानुवर्षें पाळला; अळी निगरगट्ट झाली नाहीं; पुढें वंध्य केलेले पतंग सोडून तिचा पाठलाग केला; आणि २०१८ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे आम्ही सागवानांत माती उकरीत होतों त्याच सुमारास, अमेरिकेच्या कृषिखात्यानें आपल्या कपाशीच्या प्रदेशांतून गुलाबी अळी नाहींशी झाल्याचें जाहीर केलें. तेथील शेतकरी आमच्याहून शहाणा असें आम्हांस वाटत नाहीं. त्याच्यापाशीं जमीन मोठी होती, आणि नियमाचें कारण त्याच्या कानापर्यंत कोणी तरी पोहोंचविलें होतें. आमच्याकडे तें कारण पोहोंचविण्याचें काम ज्यांच्याकडे आपोआप आलें होतें, त्यांपैकीं आम्ही एक होतों. दीड एकराचा तोटा वांचविण्याची इच्छा अल्पभूधारकाला क्षम्य आहे. त्याचें पोट त्यावर आहे. आमचें पोट महिन्याच्या पगारावर होतें. कारण कळूनही तें पत्रकाच्या घडींत परत घालून ठेवण्याचा अधिकार आम्हांस खचित नव्हता.

प्रयोगशाळेंतून परत आल्यावर आम्हीं ती पुडी फोडली व दोन कुंड्यांत सरकी टाकिली. तेरा वर्षांचें बीं. एकही उगवलें नाहीं. उगवलें असतें तरी आतां उपयोग थोडा. अळी शिकून बसली आहे. आतां कृषिखातें सांगतें तें निराळें: लवकर येणारें वाण घ्या, कामगंध सापळे लावा, डोमकळ्या तोडून नष्ट करा, डिसेंबरांत पऱ्हाटी उपटा, फरदड घेऊं नका. आमच्या शेतांत हें होतें, बरेंचसें. बटईदार उपटतांना कुरकुर करतो, कारण झाडावर अजून चार हिरवीं बोंडें असतात.

मात्र एक गोष्ट त्या वर्षापासून नियमानें चालली आहे. फवारणीच्या दिवसांत आम्ही शनिवारीं गांवीं जातों. ओट्यावर बटईदार असतो, शेजारचे चार-पांच जण असतात, त्यांच्या हातांत बाटल्या असतात. भिंग घेऊन आम्ही एकेकीवरचा मजकूर मोठ्यानें मराठींत वाचतों, आणि त्रिकोणाचा रंग प्रथम सांगतों. मुंगीएवढीं अक्षरें आतां आमच्याही डोळ्यांस पुरीं दिसत नाहींत. परवां एक पोरगा बाटली हातांत घेऊन आमच्या आधींच म्हणाला, "सर, हे तांबडी हाय. हे मी नाई मारत." बटईदारानें ती त्याच्या हातून घेतली, फिरवून पाहिली, आणि खाटेखालीं सरकवून ठेविली.